फातिमाचा चित्रपट पाहिल्यानंतर: आपण नेमके कोणाकडे पाहत होतो?

निर्मळची लेक, मडगाव

सर्व वाचकांना नमस्कार. मी मूळची वसईची, लग्नानंतर गेली अठरा वर्षे मडगावात राहते. घरात बोलणे कोकणीत होते आणि प्रार्थनेची पुस्तके रोमी लिपीतली आहेत, तरी मनातले लिहायचे म्हटले की मला मराठीच सुचते, म्हणून हा धागा येथे काढत आहे.

गेल्या १३ तारखेला आमच्या वाड्यावरच्या कपेलात तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, झाल्यानंतर शेजारच्या सभागृहात पडदा लावून मार्को पोंतेकोर्वो यांनी दिग्दर्शित केलेला 'फातिमा' हा २०२० सालचा इंग्रजी चित्रपट दाखवण्यात आला. एरवी असा कार्यक्रम संपला की लगेच खुर्च्या सरकतात आणि चहाची गडबड सुरू होते. त्या रात्री बराच वेळ कोणी उठले नाही. मग बोलणे सुरू झाले आणि ते इतक्या निरनिराळ्या वाटांनी गेले की घरी आल्यावर मला झोप लागेना.

घटना आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९१७ च्या मे महिन्याच्या १३ तारखेपासून ऑक्टोबरच्या १३ तारखेपर्यंत पोर्तुगालमधील फातिमा गावाजवळच्या कोव्हा द इरिया या माळावर, मेंढ्या चारणाऱ्या तीन मुलांना पवित्र मारियेचे दर्शन घडले. लुसिया दहा वर्षांची होती, तिची आतेभावंडे फ्रान्सिस्को आणि जसिंता तिच्याहूनही लहान. चित्रपटात ही कथा वृद्ध लुसियाच्या आठवणींतून उलगडते. कोइंब्राच्या मठात जाळीपलीकडे बसलेल्या सिस्टर लुसियाला एक अश्रद्ध प्राध्यापक प्रश्न विचारतो आणि त्या प्रश्नोत्तरांमधून आपण १९१७ मध्ये जातो. प्राध्यापकाचे हे पात्र काल्पनिक आहे.

आमच्या सभागृहात सर्वांत आधी बोलल्या त्या आमच्या वाड्यावरच्या ८४ वर्षांच्या मावशी. त्या म्हणाल्या, "ती सायबीण नव्हे. ती एक चांगली मुलगी होती." सायबीण म्हणजे आमची पवित्र मारिया. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दुःख होते. चित्रपटात मारिया ही हाडामांसाची तरुणी म्हणून दाखवली आहे, ती चालत येते आणि मुलांसमोर जमिनीवर उभी राहते. मावशी ज्या फातिमा सायबिणीपुढे लहानपणापासून मेणबत्ती लावत आल्या आहेत, तिच्या डोक्यावर मुकुट असतो आणि पायांखाली ढग असतो. काही तरुणांना मात्र नेमकी हीच गोष्ट आवडली. आपल्याशी बोलू शकेल अशी सायबीण आपण प्रथमच पाहिली, असे त्यांचे म्हणणे होते. अनेकांना तो प्राध्यापक खटकला, कारण भक्तीच्या चित्रपटात न मानणाऱ्याला इतका वेळ का द्यावा, हे त्यांना कळत नव्हते. एका वडिलांनी नरकाच्या दृश्याबद्दल तक्रार केली. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा त्यांना बिलगून बसला होता.

मला स्वतःला सर्वांत जास्त हलवले ते लुसियाच्या आईने. मारिया रोझा ही सश्रद्ध स्त्री आहे, आणि तिच्या श्रद्धेमुळेच आपली मुलगी खोटे बोलते आहे या विचाराने ती जळते. चित्रपटात तिचा मुलगा मानुएल महायुद्धात बेपत्ता आहे. अशा घरात एक मुलगी येऊन सांगते की मला स्वर्गातली स्त्री दिसली. माझ्या मुलीने असे सांगितले असते तर मी काय केले असते? पडद्यावरची सायबीण खरी वाटली की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटू लागला आहे. अशा चित्रपटाने आपल्याला त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहायला लावावे, आणि हे काम या चित्रपटाने केले, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटले, ते जरूर लिहावे.

दिवाडीचा नावाडी

ताई, आपल्या वाड्यावरच्या मावशींच्या बाजूने मला बोलायचे आहे, कारण त्यांचे म्हणणे 'जुन्या पिढीची सवय' म्हणून बाजूला सारले जाईल अशी मला भीती वाटते. लुसियाने केलेल्या वर्णनात ती स्त्री माळावरच्या एका लहानशा, ओकच्या जातीच्या झाडावर प्रकटली होती आणि सूर्याहून तेजस्वी होती. दिग्दर्शकाने तिला जमिनीवर आणले ते त्याला तशी जवळीक दाखवायची होती म्हणून. त्याचा हेतू चांगला असेल, परंतु साक्षीदाराने जे सांगितले ते बदलण्याचा अधिकार त्याला कोठून मिळतो? श्रद्धेच्या बाबतीत आपण साक्षीवर उभे असतो. साक्ष सोपी करून सांगितली की ती दुसऱ्या कोणाची तरी होते.

निर्मळची लेक, मडगाव

आपला मुद्दा मला पटतो आणि तरीही एक अडचण दिसते. ढगावर उभी असलेली आपली मूर्तीसुद्धा कोणीतरी घडवलेलीच आहे. फ्रान्समधल्या लुर्दचे उदाहरण घ्या. १८५८ साली तेथील मासाबिएलच्या गुहेत बर्नादेत या मुलीला जे दिसले, त्यावरून शिल्पकार फाबिश यांनी संगमरवरी मूर्ती केली आणि १८६४ मध्ये ती गुहेत बसवण्यात आली. बर्नादेतला ती पाहून समाधान झाले नाही. ती तर सुरुवातीला आपल्या बोलीत त्या स्त्रीला नुसते 'ते' म्हणत असे. आज जगभर लुर्दची सायबीण म्हणून जी मूर्ती आपण ओळखतो, ती त्याच मूर्तीवरून घेतलेली आहे. मग शिल्पकाराला जी मोकळीक आपण देतो, ती चित्रपट करणाऱ्याला का देत नाही?

राशोलच्या वाटेवर

मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो, त्यामुळे हा धागा वाचून गप्प राहणे मला शक्य झाले नाही. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

पहिली गोष्ट म्हणजे, चर्चने फातिमाच्या दर्शनांना विश्वासार्ह ठरवले ते १३ ऑक्टोबर १९३० रोजी, लेइरियाच्या बिशपांच्या पत्राने, म्हणजे घटनेनंतर तेरा वर्षांनी आणि चौकशी पूर्ण झाल्यावर. तोवर फ्रान्सिस्को (१९१९) आणि जसिंता (१९२०) ही दोन्ही मुले हे जग सोडून गेली होती. आणि मान्यता मिळाल्यानंतरही असे दर्शन 'खाजगी प्रकटीकरण' या सदरातच राहते. कॅथोलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या ६७ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की अशी प्रकटीकरणे श्रद्धेच्या ठेव्याचा भाग होत नाहीत. ख्रिस्ताने दिलेले प्रकटीकरण एखाद्या काळात अधिक पूर्णपणे जगण्यास मदत करणे, एवढेच त्यांचे काम आहे. म्हणून या चित्रपटात प्राध्यापक प्रश्न विचारतो याने मला धक्का बसला नाही. त्याच्याहून कठोर प्रश्न चर्चच्या चौकशीत विचारले जातात. मे २०२४ मध्ये रोमने अशा घटनांच्या पडताळणीसाठी नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार सामान्यतः अनुकूल निर्णयसुद्धा 'हे दैवी आहे' असे जाहीर करत नाही, भक्तीला आडकाठी नाही इतकेच सांगतो. चर्च जर एवढे जपून बोलते, तर पडद्यावरच्या एका प्राध्यापकाला आपण थोडी जागा द्यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. २००० साली फातिमाच्या रहस्याचा, म्हणजे दर्शनात मुलांना सांगितलेल्या गुपिताचा, तिसरा भाग प्रसिद्ध झाला, तेव्हा कार्डिनल रात्सिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी त्यावर एक भाष्य लिहिले. दर्शनाचे तीन प्रकार ते सांगतात: बाह्य इंद्रियांनी होणारे, आंतरिक इंद्रियांनी होणारे आणि प्रतिमेविना केवळ बुद्धीला होणारे. फातिमाचे दर्शन ते दुसऱ्या प्रकारात ठेवतात. अशी दर्शने म्हणजे परलोकाची छायाचित्रे नव्हेत, पाहणाऱ्याच्या शक्ती आणि मर्यादा त्या प्रतिमेत मिसळलेल्या असतात, असे ते सांगतात. मेक्सिकोत १५३१ साली हुआन दिएगो या तेथल्या मूळ रहिवाशाला सायबीण त्याच्या नाहुआत्ल भाषेत बोलताना ऐकू आली, लुर्दला बर्नादेतशी ती तिच्या बोलीत बोलली. ज्याला दिसते त्याच्या मापाने ते दिसते, पण म्हणून ते खोटे ठरत नाही.

आता कॅमेऱ्याचा विचार करा. कॅमेरा छायाचित्रच घेतो, त्याला दुसरे काही येत नाही. फातिमाला तिन्ही मुलांचा अनुभवही एकसारखा नव्हता. लुसिया पाहत होती, ऐकत होती आणि बोलत होती, जसिंता पाहत आणि ऐकत होती, तर फ्रान्सिस्कोला केवळ दिसत होते, ऐकू येत नव्हते. त्याला काय सांगितले गेले ते नंतर मुलींना त्याला सांगावे लागे. चित्रपट पाहणाऱ्याला मात्र सगळे एकदम, सारख्याच स्पष्टपणे मिळते. दिवाडीच्या मित्रांना जे खटकले त्याचे मूळ मला येथे दिसते. सायबीण जमिनीवर आली यापेक्षा, आपल्यासारख्या कोणीही खुर्चीत बसून तिला पाहू शकले, हे अवघडलेपण मोठे आहे. माळावर जमलेल्या हजारो लोकांना ती दिसली नव्हती.

मात्र मोकळीक घेणे मुळातच चूक, हे मला मान्य नाही. आमच्या राशोललाच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापले गेले. त्यांनी तारणाची सबंध कथा मराठी ओवीत सांगितली, येथल्या उपमा आणि येथला थाट तिला दिला. ते ऐकताना कोणाही भाविकाला शुभवर्तमान आणि पुराण यांतला फरक विसरावा लागला नाही. चित्रपटही तसाच एक पाठ म्हणून घ्यावा, असे मला वाटते.

म्हापशेकार

मी हिंदू आहे, तेव्हा या धाग्यावर लिहावे की नाही याचा विचार करत होतो. परंतु म्हापशात वाढलेल्या माणसाला सायबीण परकी नसते. सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला माझी आजी दरवर्षी तेल घेऊन जात असे आणि आता आई जाते. शिरगावची लईराई देवी आणि मिलाग्र सायबीण या सात बहिणींपैकी, ही आमच्या लोकपरंपरेची समजूत आहे. त्यामुळे आपल्या मावशींचे वाक्य मला आतून समजले. आमच्या घरातही देवीची तसबीर बदलायची म्हटले तर आई महिनाभर तयार होणार नाही.

मला लिहायचे आहे ते चित्रपटातील प्रशासकाबद्दल. औरेमचा प्रशासक आर्तुर द ओलिव्हेरा सान्तोस याने ऑगस्टच्या १३ तारखेला मुलांना ताब्यात घेतले, त्यांना धमकावले आणि त्यामुळे त्या महिन्याचे दर्शन १९ तारखेला व्हालिन्योस येथे घडले, हा इतिहास आहे. मुलांना कोंडून प्रश्न विचारणे हे कोणत्याही विचारसरणीने समर्थनीय ठरत नाही. तथापि तो ज्या प्रजासत्ताकाचा माणूस होता, त्याच्याशी आमचे एक वेगळे नाते आहे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, १९११ मध्ये चर्च आणि शासन वेगळे करणारा कायदा आला, आणि त्या बदलामुळे गोव्यातल्या हिंदूंना कित्येक शतकांनंतर बरोबरीचे नागरिक म्हणून वावरता आले. आमच्या आजोबांच्या पिढीसाठी 'रेपुब्लिक' हा शब्द मोकळ्या श्वासाचा होता. त्याच शब्दाने फातिमाच्या गावात चर्चवर दडपण आणले. पडद्यावर तो प्रशासक आला तेव्हा माझ्या शेजारच्या कॅथोलिक मित्राची मूठ आवळली गेली आणि मला आजोबा आठवले. आम्ही दोघे एकाच बाकावर बसलो होतो. चित्रपटाने त्या माणसाला निव्वळ खलनायक केले नाही, त्याच्या मनातली घालमेल दाखवली, याबद्दल मी दिग्दर्शकाचा आभारी आहे.

दिवाडीचा नावाडी

म्हापशेकारांनी लिहिले ते मी दोनदा वाचले. आमच्या घरात या बाजूने कधीच बोलणे झाले नव्हते, आणि मी चाळिशी ओलांडली आहे. धन्यवाद.

आबोली, केपे

नरकाच्या दृश्याबद्दल कोणी पुढे लिहिले नाही म्हणून लिहिते. मला सात वर्षांची मुलगी आहे आणि मी तिला हा चित्रपट दाखवला नाही. १३ जुलै १९१७ रोजी मुलांना नरकाचे दर्शन झाले, हे लुसियाने स्वतः लिहून ठेवले आहे, त्यामुळे दिग्दर्शकाने ते दृश्य गाळायला हवे होते असे मी म्हणणार नाही. पण लुसियाच्याच लिखाणात आहे की आधी, पहिल्या दर्शनात, त्या स्त्रीने त्यांना स्वर्गात नेण्याचे वचन दिले होते, आणि ते वचन नसते तर भीतीने आपला जीव गेला असता. दृश्य काही क्षणांचे आहे, वचन मात्र दोन महिने आधीचे आहे, आणि चित्रपट पाहणाऱ्या मुलाच्या मनात त्या दोन्हींचा सांधा आपोआप जुळत नाही. तो सांधा जुळवणारे कोणीतरी शेजारी बसलेले असावे लागते. सभागृहात लहान मुले येणार हे माहीत असताना चित्रपटापूर्वी कोणी दोन शब्द सांगितले नाहीत, ही चूक आयोजकांची होती, चित्रपटाची नव्हे.

जसिंता तेव्हा सात वर्षांचीच होती. हे लिहिताना माझी मुलगी शेजारी बसून चित्र रंगवत आहे आणि मला पुढे लिहिता येत नाही.

राशोलच्या वाटेवर

आबोलीताई, आपण म्हणता ते अगदी योग्य आहे. पुढच्या वेळी आमच्याकडे हा चित्रपट दाखवला जाईल, तेव्हा आधी पंधरा मिनिटे बोलण्याची जबाबदारी मी घेईन, आणि ते बोलणे कोकणीत असेल.

मारिया रोझाबद्दल एक भर घालतो. लुसियाच्या आठवणींतली आई चित्रपटातल्या आईपेक्षाही कडक आहे. तिने झाडूच्या दांड्याने मारल्याचे लुसियाने नोंदवले आहे. त्या आईला छापलेले वाचता येत असे, ती गावातल्या मुलांना धर्मशिक्षण देई आणि खोटे बोलणे हे तिच्या लेखी फार मोठे पाप होते. शिवाय कोव्हा द इरियाचा तो माळ त्यांच्याच कुटुंबाचा होता. लोकांच्या आणि जनावरांच्या पायांखाली तेथले पीक गेले, आणि घरात धान्याची ओढ सुरू झाली तेव्हा लुसियाला टोमणे ऐकावे लागले. गावचे धर्मगुरूही साशंक होते, हे सैतानाचे काम असू शकते, असे त्यांनी बोलून दाखवले होते. आपल्याच घरात आणि आपल्याच चर्चमध्ये एका दहा वर्षांच्या मुलीवर कोणी विश्वास ठेवत नव्हते, आणि तरीही तिने आपले म्हणणे बदलले नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना सूर्याच्या चमत्काराआधी हे सांगतो.

दिवाडीचा नावाडी

सूर्याचा विषय निघालाच आहे, तर मला जे नंतर सुचले ते लिहितो. १३ ऑक्टोबर १९१७ रोजी पावसात भिजलेल्या त्या माळावर हजारो लोक जमले होते. लिस्बनच्या 'ओ सेकुलो' या चर्चविरोधी मानल्या जाणाऱ्या दैनिकाचे प्रतिनिधी आव्हेलिनो द आल्मेइदा तेथे होते आणि लोकांनी सूर्य हलताना पाहिल्याचा वृत्तांत त्यांनीच छापला. त्या दिवशी घेतलेली छायाचित्रेही प्रसिद्ध झाली. ती मी काल पुन्हा काढून पाहिली. त्यांत सूर्याचा चमत्कार कोठेच दिसत नाही. मिटलेल्या छत्र्या, चिखल, आणि वर पाहणारी माणसे, एवढेच त्यांत आहे. काहींनी कपाळावर हात धरला आहे.

पहिल्या प्रतिसादात मी लिहिले होते की साक्ष बदलण्याचा अधिकार दिग्दर्शकाला नाही. ते मत मी मागे घेत नाही, सायबीण जमिनीवर उतरवलेली मला आजही रुचत नाही. परंतु ती छायाचित्रे पाहताना ताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला मिळाल्यासारखे वाटले. तेथे कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसालाही शेवटी चेहऱ्यांकडेच वळावे लागले. या चित्रपटातही जेथे जेथे लुसियाच्या चेहऱ्यावर दृष्टी स्थिर राहते, तेथे मी प्रार्थनेत होतो; जेथे पडद्यावर सायबीण आली, तेथे मी प्रेक्षक झालो.

म्हापशेकार

'दर्शन' या शब्दाबद्दल एक लहानशी शंका. आम्ही दर्शनाला जातो, देव जागेवर असतो. येथे मुले कोठेही गेली नव्हती, ती मेंढ्या राखत होती आणि दर्शन त्यांच्याकडे आले. वसईच्या मराठीत यासाठी वेगळा शब्द आहे का?

निर्मळची लेक, मडगाव

आमच्याकडेही 'फातिमा मातेचे दर्शन' असेच म्हणतात. येथे मडगावात नुसते 'सायबीण दिसली' म्हणतात, आणि मला ते अधिक नेमके वाटते. 'दिसली' म्हटले की पाहणाऱ्याचे कर्तृत्व त्यात उरत नाही.

काल संध्याकाळी मी मावशींकडे गेले होते. या धाग्यावर आलेले सगळे त्यांना कोकणीत सांगितले. फ्रान्सिस्कोला दिसत असे पण ऐकू येत नसे, हे ऐकल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाल्या की त्या रात्री त्यांचेही तसेच झाले होते. मावशींना इंग्रजी येत नाही. दोन तास त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या, सर्व काही पाहिले होते, आणि त्यांपैकी एकही शब्द त्यांना कळला नव्हता. आम्हा इतक्या जणांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नाही, माझ्याही नाही, आणि याची मला मनापासून लाज वाटते.

त्यांनी विचारले की ती आई शेवटी मुलीला काय म्हणाली. मला आठवले तेवढे मी सांगितले, पण त्यांना ते पुरेसे वाटले नाही. पुढच्या महिन्याच्या १३ तारखेला तेर्स झाल्यावर आम्ही दोघी त्यांच्या घरी तो चित्रपट पुन्हा लावणार आहोत. मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य कोकणीत सांगेन, आणि जेथे त्या हात वर करतील तेथे थांबवेन.